बायोप्सीत कर्करोगासारखी दिसणारी गुप्तांगावरील चामखीळ: बोवेनॉइड पॅप्युलोसिस झालेल्यांनी टप्प्याटप्प्याने काय करावे

समजा, निपाणीजवळच्या एका गावातील २८ वर्षांच्या तरुणाच्या लिंगावर पाच-सहा बारीक तपकिरी पुटकुळ्या उठल्या आहेत. त्या दुखत नाहीत, त्यांतून पू येत नाही, अधूनमधून किंचित खाज सुटते एवढेच. सहा महिने तो कोणापाशी काही बोलत नाही. मग बेळगावात एका डॉक्टरांना दाखवतो, ते एका पुटकुळीचा तुकडा काढून तपासणीला पाठवतात आणि आठवड्याने हाती आलेल्या इंग्रजी अहवालात ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा इन सिटू’ अशी ओळ असते. ‘कार्सिनोमा’ म्हणजे कर्करोग एवढे त्याला मोबाइलवर कळते आणि त्याची झोप उडते. हा लेख अशा तरुणासाठी, त्याच्या पत्नीसाठी आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीपासून बिदर-भालकी आणि कारवार-हल्याळपर्यंतच्या अशाच मराठी घरांसाठी लिहिला आहे.

मला सांगायचे आहे ते मुळात एकच आहे. या आजाराचा निर्णय एकट्या काचपट्टीवर, म्हणजे तुकड्याचा पातळ काप ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात त्या काचेवर, होत नाही. काचपट्टी आणि माणूस दोन्ही एकत्र पाहिल्यावरच होतो. ज्याने फक्त काच पाहिली तो घाबरवून सोडतो आणि ज्याने फक्त पुटकुळी पाहिली तो ‘साधी चामखीळ आहे’ म्हणून सोडून देतो. दोन्ही चुकांची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

आधी आजार समजून घ्या

बोस्टनचे त्वचारोगतज्ज्ञ जॉन टेम्पलटन बोवेन यांनी १९१२ मध्ये त्वचेच्या एका आजाराचे वर्णन केले. त्यात त्वचेच्या वरच्या थरातील पेशी कर्करोगाच्या पेशींसारख्या बिघडलेल्या असतात, पण त्या थराच्या तळाचा पडदा ओलांडून खाली उतरलेल्या नसतात. हा ‘बोवेनचा आजार’ बहुधा उतारवयात होतो, त्याचा बहुधा एकच चट्टा असतो, तो हळूहळू पसरतो आणि आपोआप जात नाही. पुढे १९७० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले की, तरुण माणसांच्या गुप्तांगावर चामखिळीसारख्या अनेक लहान पुटकुळ्या उठतात आणि त्यांचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली थेट बोवेनच्या आजारासारखा दिसतो, पण त्यांचे वागणे मात्र बरेच सौम्य असते. १९७८ मध्ये या प्रकाराला ‘बोवेनॉइड पॅप्युलोसिस’, म्हणजे बोवेनसारख्या दिसणाऱ्या पुटकुळ्यांचा आजार, हे नाव मिळाले.

त्याचे कारण ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, हे आहे. या विषाणूचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. गुप्तांगावर फुलकोबीसारखे मऊ कोंब येतात ते बहुतेक वेळा ६ आणि ११ या प्रकारांमुळे येतात आणि ते सहसा कर्करोगाकडे जात नाहीत. बोवेनॉइड पॅप्युलोसिसमध्ये मात्र बहुधा १६ हा प्रकार सापडतो आणि कधी १८, ३१, ३३ यांसारखे इतर प्रकारही सापडतात. हा १६ प्रकार म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण. एचपीव्ही आणि तो कर्करोग यांचे नाते उघड केल्याबद्दल जर्मनीचे हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १६ प्रकाराची दोन प्रथिने पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या यंत्रणेला निकामी करतात. पेशी नको तेव्हा विभागू लागते, तिचे केंद्रक मोठे आणि गडद होते, आणि म्हणूनच काचपट्टीवर कर्करोगाचे चित्र दिसते. पॅथॉलॉजिस्टने, म्हणजे तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरने, चुकीचे पाहिलेले नसते. त्याने जे पाहिले ते तिथे खरोखरच असते.

मग फरक कोठे आहे? तो वयात आहे, संख्येत आहे, आकारात आहे आणि काळाबरोबर पुटकुळ्या कशा वागतात त्यात आहे. बोवेनॉइड पॅप्युलोसिस बहुधा विशी-तिशीत होतो, पुटकुळ्या अनेक असतात, प्रत्येक काही मिलिमीटरची असते आणि काही जणांत त्या काही महिन्यांत आपोआप विरून जातात. त्यांचे रूपांतर खोलवर शिरणाऱ्या कर्करोगात होण्याचे प्रमाण वैद्यकीय वर्णनांत शंभरात एक ते तीनच्या आसपास दिलेले आढळते. हे प्रमाण भीतीने खचून जाण्याइतके मोठे नाही, पण पुन्हा तपासणीला न जाण्याइतके लहानही नाही.

पहिली पायरी: नीट पाहा आणि काहीही लावू नका

दिवसाच्या उजेडात, हात स्वच्छ धुऊन, गरज पडल्यास आरसा घेऊन पाहावे. पुरुषांत या पुटकुळ्या लिंगाच्या दांड्यावर, टोकावर किंवा पुढच्या कातडीखाली, स्त्रियांत योनीच्या बाहेरील ओठांवर आणि दोघांतही गुदद्वाराभोवती दिसू शकतात. रंग लालसर तपकिरी, जांभळट किंवा काळपट असतो, माथा सपाट असतो आणि पृष्ठभाग मखमलीसारखा किंवा थोडा खरबरीत असतो. आपल्या सावळ्या त्वचेवर त्या पुष्कळदा फक्त ‘काळे ठिपके’ वाटतात आणि तीळ समजून दुर्लक्षित राहतात. किती आहेत, केव्हापासून आहेत आणि कोणती वाढते आहे, हे कागदावर तारखेसह लिहून ठेवावे. फोटो काढल्यास तो स्वतःच्याच फोनमध्ये ठेवावा, कोणाला पाठवू नये.

आपल्या भागात चामखिळीवर चुना आणि धुण्याचा सोडा यांचा लेप, रुईचा चीक, बिब्बा, घोड्याच्या शेपटीच्या केसाने गाठ मारणे किंवा उदबत्तीने डागणे हे उपाय आजही केले जातात. हातावरच्या चामखिळीवर ते केले तरी जखम होते. गुप्तांगाच्या पातळ त्वचेवर तर खोल भाजते, व्रण राहतो आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात मूळ आजार आणि भाजल्याची खूण वेगळी करणे कठीण जाते. औषधाच्या दुकानातून मागून आणलेली खाजेची मिश्र मलमेही टाळावीत, कारण त्यांतील बहुतेकांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि विषाणूला मोकळे रान मिळते.

गुप्तांगावरील प्रत्येक पुटकुळी हा आजार नसतो. लिंगाच्या टोकाच्या कडेने एका ओळीत असलेले मोत्यासारखे दाणे आणि कातडीखालचे पिवळट बारीक ठिपके हे नैसर्गिक असतात. उलट, गुदद्वाराजवळचे ओलसर, सपाट, पांढरट उंचवटे हे सिफिलिस म्हणजे उपदंशाचे लक्षण असू शकते आणि त्यावरचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. म्हणून घरच्या घरी निदान ठरवू नये.

दुसरी पायरी: कोठे जायचे

त्वचारोगतज्ज्ञ हाच पहिला डॉक्टर. बेळगावात ‘सिव्हिल’ म्हणून ओळखला जाणारा सरकारी दवाखाना बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्थेला, म्हणजे ‘बिम्स’ला, जोडलेला आहे. कर्नाटकातील सरकारी दवाखान्यांत कन्नड पाट्यांवर त्वचारोग विभागाला ‘चर्मरोग’ म्हणतात. हा शब्द लक्षात असला की, लाज वाटेल असे काही न बोलता केसपेपरच्या खिडकीवर काम होते. लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाने सरकारी दवाखाने चालतात. एचआयव्ही आणि लैंगिक आजारांबद्दल गोपनीय माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय विनामूल्य क्रमांक आहे.

पुष्कळ जण गावातले कोणी भेटेल या भीतीने कोल्हापूर, मिरज किंवा गोव्याला जातात. त्यात गैर काही नाही, मात्र एक विचार आधी करावा. हा आजार एका फेरीत संपत नाही. तुकडा काढणे, अहवाल, उपचाराच्या तीन-चार फेऱ्या आणि पुढे वर्षानुवर्षे तपासणी असा तो चालतो. जिथे तुम्ही पुन्हा पुन्हा जाऊ शकाल तेच ठिकाण चांगले. कर्नाटकातील सरकारी आरोग्य कार्डाचा लाभ सीमेपलीकडच्या दवाखान्यात मिळेलच असे गृहीत धरू नये. निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

भाषेची अडचण आपल्याकडे खरी आहे. केसपेपर कन्नडमध्ये, अहवाल इंग्रजीत आणि दुखणे मराठीत. बेळगावातील पुष्कळ डॉक्टरांना मराठी समजते, पण बदलून आलेल्या तरुण डॉक्टरांना समजेलच असे नाही. चामखिळीला कन्नडमध्ये ‘नरहुली’ म्हणतात. संमतीपत्र मराठीत वाचून दाखवा असे सही करण्यापूर्वी सांगावे. तसे सांगण्याचा हक्क रुग्णाला आहे. दुभाषी म्हणून शेजाऱ्याला नेण्यापेक्षा तेथील समुपदेशकाची मदत घेणे केव्हाही बरे. स्त्रीने महिला डॉक्टरची मागणी करण्यात संकोच करू नये.

तिसरी पायरी: डॉक्टरांना काय सांगायचे

वय, पुटकुळ्यांचा काळ आणि संख्या हे तर सांगावेच, पण त्याहून महत्त्वाच्या तीन गोष्टी बहुतेक जण सांगायचे राहून जातात. पहिली गोष्ट म्हणजे याआधी कोणते औषध लावले. पोडोफिलिन नावाचे तपकिरी द्रव औषध गुप्तांगावरील कोंबांवर लावले जाते. ते पेशींचे विभाजन मध्येच अडवते. त्यामुळे काही दिवसांतच घेतलेल्या तुकड्यात साधी चामखीळसुद्धा कर्करोगासारखी दिसू शकते. म्हणजे औषधाने निर्माण केलेले चित्र आजार म्हणून वाचले जाण्याचा धोका असतो. असे औषध लावले असल्यास ते कधी लावले, हे तारखेसह सांगावे.

दुसरी गोष्ट प्रतिकारशक्तीची. एचआयव्ही, प्रत्यारोपित मूत्रपिंड, दीर्घकाळ चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा मधुमेह असल्यास ते स्पष्ट सांगावे, कारण प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर हा आजार लांबतो, पसरतो आणि कर्करोगाकडे जाण्याची शक्यता वाढते. तिसरी गोष्ट विडी-सिगारेटची. निपाणी परिसरात तंबाखूवर कित्येक संसार उभे आहेत, त्यामुळे हे लिहिताना जड वाटते. पण धूम्रपानाने गर्भाशयमुखाच्या, योनीच्या आणि लिंगाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि हा आजार झालेल्याने विडी सोडणे हे उपचाराचाच भाग मानावे.

चौथी पायरी: तुकडा काढणे

जाळण्यापूर्वी तुकडा, हा क्रम मोडू देऊ नये. सगळ्या पुटकुळ्या एकदम जाळून टाकल्या की त्या काय होत्या हे कायमचे अंधारात राहते. पुटकुळ्या सपाट आणि गडद असतील, नेहमीच्या उपचाराला दाद देत नसतील, किंवा वय चाळिशीच्या पुढे असेल, तर बायोप्सीचा आग्रह धरावा.

ही क्रिया लहान आहे. जागा सुन्न करण्यासाठी लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात, त्याची टोचणी काही क्षण जाणवते. मग ३ ते ४ मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने तुकडा काढतात, गरज असल्यास एक-दोन टाके घालतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आधी सांगावी. पुटकुळ्या वेगवेगळ्या दिसत असतील तर एकाहून अधिक तुकडे घेणे योग्य ठरते. आणि कोठे व्रण किंवा कठीण गाठ असेल तर तिथला तुकडा सर्वांत आधी.

आपल्याकडे पुष्कळ दवाखान्यांत तुकड्याची बाटली नातेवाइकाच्या हाती देऊन प्रयोगशाळेत पाठवतात. तेव्हा बाटली घेणाऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात. बाटलीवर रुग्णाचे नाव आणि शरीरातील जागा लिहिलेली असावी, आत १० टक्के फॉर्मॅलिन असावे, ते तुकडा पूर्ण बुडून वर भरपूर राहील इतके असावे, आणि वाटेत त्यात पाणी किंवा सलाइन कोणी घालू नये. सोबतच्या फॉर्मवर ‘वय २८, लिंगावर सहा तपकिरी सपाट पुटकुळ्या, सहा महिन्यांपासून, बोवेनॉइड पॅप्युलोसिसची शंका’ असा मजकूर असणे अत्यंत आवश्यक आहे. रिकाम्या फॉर्मवर पॅथॉलॉजिस्टने फक्त ‘कार्सिनोमा इन सिटू’ लिहिले तर दोष त्याचा नसतो.

पाचवी पायरी: अहवाल वाचणे

‘इन सिटू’ याचा अर्थ ‘जागच्या जागी’. बिघडलेल्या पेशी वरच्या थरातच आहेत, तळाचा पडदा शाबूत आहे आणि म्हणून त्या रक्तातून किंवा लसिकांतून इतरत्र गेलेल्या नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. अहवालात कधी ‘हाय ग्रेड स्क्वॅमस इंट्राएपिथेलियल लीजन’ किंवा त्याचे लघुरूप ‘एचएसआयएल’ असते. २०१२ पासून एचपीव्हीमुळे होणाऱ्या अशा बदलांसाठी हे एकसमान नाव सुचवले गेले आहे. जुन्या पद्धतीने ‘व्हीआयएन ३’ (स्त्रीच्या बाह्य गुप्तांगासाठी) किंवा ‘पीआयएन ३’ (लिंगासाठी) असेही लिहिलेले आढळते. शब्द वेगळे असले तरी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे चित्र एकाच जातीचे असते. ‘पी १६ पॉझिटिव्ह’ असे असल्यास पेशींतील बदलामागे उच्च धोक्याचा एचपीव्ही आहे, एवढेच त्यातून कळते. त्यावरून कर्करोग झाला असा अर्थ काढू नये.

अनुभवी पॅथॉलॉजिस्टला काही बारकावे दिसतात. बोवेनॉइड पॅप्युलोसिसमध्ये बिघडलेल्या पेशी पुष्कळदा बऱ्यापैकी शिस्तीतल्या पेशींमध्ये विखुरलेल्या असतात आणि केसांच्या मुळांत सहसा उतरत नाहीत, तर बोवेनच्या आजारात संपूर्ण थराचीच मांडणी विस्कटलेली असते. पण या खुणांवर एकट्याने भिस्त ठेवता येत नाही.

डॉक्टरांना एकच प्रश्न नेमका विचारावा: ‘इन्व्हेजन आहे का?’ म्हणजे पेशी खाली शिरल्या आहेत का. उत्तर ‘नाही’ असेल आणि वय, संख्या व रूप या आजाराशी जुळत असेल, तर अवयव कापण्याची किंवा किमोथेरपीची गोष्ट कोणी काढल्यास तिथेच थांबावे आणि दुसरे मत घ्यावे. दुसऱ्या मतासाठी पुन्हा तुकडा द्यावा लागत नाही. प्रयोगशाळेत काचपट्ट्या आणि ज्यात तुकडा बसवलेला असतो तो मेणाचा ठोकळा जपून ठेवलेला असतो. अर्ज करून त्या मागून घ्याव्यात आणि दुसऱ्या मोठ्या दवाखान्यातील पॅथॉलॉजिस्टला दाखवाव्यात. सोबत पुटकुळ्यांचे वर्णन मात्र न्यावेच.

सहावी पायरी: उपचार

उपचाराचा हेतू दिसणाऱ्या पुटकुळ्या काढणे हा आहे. शरीरातून विषाणू पूर्ण हद्दपार करणारे औषध आज उपलब्ध नाही, ते काम प्रतिकारशक्तीच हळूहळू करते. म्हणून त्वचेचा आणि अवयवाचा आकार जपणारा सौम्य उपचारच निवडला जातो. द्रव नायट्रोजनने गोठवणे, विजेच्या सुईने जाळणे, कार्बन डायऑक्साइड लेझर आणि खरवडून काढणे हे प्रचलित मार्ग आहेत. गोठवल्यावर सावळ्या त्वचेवर पांढरट डाग राहू शकतात, हे आधी माहीत असावे.

लावण्याच्या औषधांत ५ टक्के इमिक्विमॉड हे मलम त्या जागेची प्रतिकारशक्ती जागी करते. ते सहसा आठवड्यातून तीन रात्री लावून ६ ते १० तासांनी साबण-पाण्याने धुतात आणि उपचार काही आठवडे ते चार महिन्यांपर्यंत चालतो. लाली, आग आणि खपली येणे हे औषध काम करत असल्याचे लक्षण असू शकते. पण कातडी सोलवटली तर काही दिवस खंड देऊन डॉक्टरांना विचारावे. या मलमाने कंडोम कमकुवत होतो, म्हणून मलम अंगावर असताना संबंध ठेवू नयेत. ५-फ्लुरोयुरॅसिल हे दुसरे मलम अधिक जळजळ करते. गर्भवती स्त्रीने, किंवा गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने, ५-फ्लुरोयुरॅसिल आणि पोडोफिलिन वापरू नये.

तरुण वयात, थोड्या आणि न वाढणाऱ्या पुटकुळ्या असतील, तर देखरेखीखाली काही महिने वाट पाहणे हाही डॉक्टरांनी ठरवलेला उपचार असू शकतो. ‘देखरेखीखाली’ हा शब्द मात्र सोडून चालणार नाही.

सातवी पायरी: जोडीदार

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच पायरीकडे होते, आणि सगळ्यात मोठे नुकसानही इथेच होते. पुरुषाच्या पुटकुळ्या काही महिन्यांत निघून जाऊ शकतात. पण तोच १६ प्रकाराचा विषाणू त्याच्या पत्नीच्या गर्भाशयमुखात वर्षानुवर्षे शांतपणे राहू शकतो. १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून जगभरातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्क्यांना कारणीभूत आहेत. म्हणून पतीला हा आजार असल्यास पत्नीने, वय ३० पेक्षा कमी असले तरी, स्त्रीरोगतज्ज्ञांना हे कारण सांगून गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. ती पॅप स्मिअरने, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी पुसून घेऊन तपासण्याने, किंवा एचपीव्ही चाचणीने होते. सरकारी आरोग्य केंद्रांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी ॲसेटिक ॲसिड लावून केली जाणारी साधी तपासणीही असते. स्त्रीलाच हा आजार असेल, तर तिची गर्भाशयमुख, योनी आणि गुदद्वार अशी तिन्ही ठिकाणी तपासणी झाली पाहिजे. स्त्रियांत तो जास्त काळ टिकतो आणि जास्त पसरलेला असतो. दोघांची एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणीही याच वेळी व्हावी.

या बोलण्यातून घरात संशय पेटू नये यासाठी एक गोष्ट दोघांनी एकत्र ऐकावी. हा विषाणू लागल्यावर कित्येक महिने, कधी वर्षेही, काहीच दिसत नाही. तो कोणाकडून आणि कधी आला हे कोणत्याही चाचणीने सांगता येत नाही. त्यामुळे अहवाल हा कोणाच्या चारित्र्याचा पुरावा ठरत नाही. शक्य असल्यास डॉक्टरांना भेटायला दोघांनी जोडीने जावे. कंडोमने लागण कमी होते, पण न झाकलेल्या त्वचेतून ती होऊ शकते.

मुलांच्या बाबतीत मात्र आधीच काही करता येते. एचपीव्हीची लस असलेला आजार बरा करत नाही, पण लागण होण्यापूर्वी घेतल्यास १६ आणि १८ पासून उत्तम संरक्षण देते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवरील भारतीय लस २०२३ पासून बाजारात आहे. ९ ते १४ वयात दोन मात्रा, त्यानंतर तीन मात्रा असे वेळापत्रक आहे, आणि ती मुलग्यांनाही देता येते.

आठवी पायरी: पुन्हा तपासणी

पहिल्या वर्षी दर ३ ते ६ महिन्यांनी आणि पुढे निदान वर्षातून एकदा तज्ज्ञाला दाखवावे. पुटकुळ्या परत येणे सामान्य आहे. त्यावरून उपचार फसला असे समजू नये. तारखा ठरवताना आपली कामे डोळ्यांसमोर ठेवाव्यात: खानापूरकडे भातकापणी, निपाणी-चिकोडीकडे उसाचा हंगाम, कोणाला सौंदत्तीची यात्रा. ‘हंगाम संपला की जाऊ’ असे म्हणत वर्ष जाते, म्हणून तारीख हंगामाच्या आधीचीच मागून घ्यावी.

पुटकुळीला व्रण पडला, रक्त येऊ लागले, तळाशी कठीण गाठ लागू लागली, ती काही आठवड्यांत झपाट्याने वाढली, किंवा जांघेत न दुखणारी गाठ आली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात जावे. पन्नाशीच्या पुढे एकच चट्टा असेल आणि तो हटत नसेल, तर त्याला बोवेनॉइड पॅप्युलोसिस न समजता बोवेनचा आजार समजूनच तपासावे.

एका जाड फायलीत बायोप्सीचा अहवाल, प्रयोगशाळेचा काचपट्टी क्रमांक, कोणती औषधे कधी लावली याची यादी आणि जोडीदाराच्या तपासणीचे कागद एकत्र ठेवावेत. दवाखाना बदलला, डॉक्टर बदलले किंवा सीमा ओलांडून जावे लागले, तरी पुढच्या डॉक्टरच्या टेबलावर आधी ही फाइल ठेवावी आणि मग बोलायला सुरुवात करावी.